न ऐकलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगच्या आतल्या भिंती साडेचार इंची आहेत. शेजारी कुकरची तिसरी शिट्टी झाली की आमच्याकडे आई गॅस बंद करायला उठते. अशा घरात मला व्हॉल्वच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या नळ्यांच्या, गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हवा होता. त्यातली गोम अशी की तो आवाज अ‍ॅम्प मोठ्ठा केल्याशिवाय येतच नाही. व्हॉल्व आपल्या कुवतीच्या टोकाला गेले की स्वर फाटायला लागतो आणि सगळ्यांना हवं असतं ते नेमकं हे फाटणं. तीस वॉटचा अ‍ॅम्प त्या टोकाला नेला तर शेजारी राहिले बाजूला, खालचे रिक्षावालेसुद्धा वर येतील. शिवाय किंमत, वजन, आणि एखादा व्हॉल्व गेला तर तो आणायचा कुठून, हे प्रश्न होतेच.

म्हणून पेडल बनवायचं ठरवलं. पायाशी ठेवायची एक पेटी. एका बाजूने गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूने आवाज बाहेर हेडफोनकडे. आत व्हॉल्वच्या जागी जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर आणि तीनशे व्होल्टच्या जागी नऊ. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि गेली बारा वर्षं ऐरोलीला सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. म्हणजे सोल्डरिंग आयर्न शेवटचं हातात धरलं होतं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते. ज्या अ‍ॅम्पची नक्कल करायला निघाले होते, तो मी प्रत्यक्षात कधी ऐकलेलाच नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये, हेडफोनवर, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने, एवढीच आमची ओळख.

तो अ‍ॅम्प म्हणजे फेंडर कंपनीचा बासमन, त्यातलं १९५० च्या दशकाच्या शेवटचं ५एफ६-ए हे मॉडेल. नावाप्रमाणे बनवला बेस गिटारसाठी, दहा इंची चार स्पीकर घालून, आणि पळवला साध्या गिटारवाल्यांनी. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात याच बासमनवरून पहिला मार्शल तयार झाला, जेटीएम४५. सर्किट जवळजवळ जसंच्या तसं. पण अमेरिकन माल तिकडे सहज मिळत नव्हता, म्हणून पहिल्या १२एवाय७ या व्हॉल्वच्या जागी ईसीसी८३ आला, आउटपुटच्या ५८८१ च्या जागी थोड्याच दिवसांत केटी६६ आले, आणि दहा इंची उघड्या पेटीऐवजी सेलेशनचे बारा इंची स्पीकर बंद पेटीत गेले. गेले नक्कल करायला आणि निघाला दुसराच अ‍ॅम्प. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला. दुकानात जे मिळेल ते घालायचं, हा रस्ता आधीच कुणीतरी मळवून ठेवला होता.

जेफेटची युक्ती अर्थातच माझी नाही, हौशी मंडळी ती बरीच वर्षं वापरतायत. व्हॉल्वच्या आत ग्रिड, कॅथोड आणि प्लेट अशी तीन टोकं असतात. ग्रिडवर इवलासा व्होल्टेज दिला की प्लेटवर तो कितीतरी मोठा होऊन मिळतो. जेफेटमध्ये ग्रिडच्या जागी गेट, कॅथोडच्या जागी सोर्स, प्लेटच्या जागी ड्रेन. गेटमधून करंट जवळजवळ जात नाही, त्यामुळे व्हॉल्वचा नकाशा समोर ठेवून एकास एक बदली करता येते. खरं तर जेफेटचा स्वभाव ट्रायोडपेक्षा (हा तीन टोकांचा व्हॉल्व) पेंटोडच्या (हा पाच टोकांचा) जवळचा आहे, पण सोर्सखाली नेमका रेझिस्टर ठेवला तर तो बराच वळणावर येतो. साध्या डायोडच्या पेडलमध्ये लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. इथे तो जुन्या चाळीतल्या लाकडी पायरीसारखा दिसतो, एका कडेला जास्त झिजलेला, दुसऱ्या कडेला कमी.

शनिवार गाठून लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. रविवारी बहुतेक शटरं खाली असतात. ठाण्याहून फास्टने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला उतरून चालत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तसं म्हणून रस्ता विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पहिल्याच काउंटरवर विचारलं गेलं, "कॉलेज प्रोजेक्ट का मॅडम?" मी छत्तीस वर्षांची आहे. हो म्हटलं. प्रोजेक्ट म्हटलं की ते चार नगसुद्धा सुट्टे देतात.

यादीतला माल आणि मिळालेला माल यांची गंमत तिथेच सुरू झाली. बासमनच्या टोनच्या भागात ट्रेबलला २५० के चा पॉट (फिरवायचं बटण), बेसला एक मेग, मिडलला २५ के, ५६ के चा रेझिस्टर, २५० पिकोचा एक कंडेन्सर आणि २० नॅनोचे दोन. माझ्या हातात पडले २२० के, एक मेग, २२ के, २२० पिको आणि २२ नॅनोचे दोन. ५६ के तेवढा पत्रिका जुळल्यासारखा बरोबर मिळाला. गिटारच्या जाड पिनेसाठी लागणारी सॉकेटं "पी-३८ मोनो" म्हटल्यावर लगेच पुढ्यात आली. त्यांचं इंग्रजी नाव सांगत बसले असते तर संध्याकाळ झाली असती.

अडलं ते जेफेटपाशी. सगळ्या नकाशांमध्ये जे२०१ हा नंबर असतो. तीन पायांचा, काळ्या प्लास्टिकच्या अर्धगोल टोपीतला तो मूळ प्रकार मोठ्या कंपन्यांनी बनवणं बंद केलंय. तरीही एका दुकानात वीस नग मिळाले. दुकानदाराने वर चार बीएफडब्ल्यू१० पुड्यात घातले, "कॉलेजवाले हेच नेतात." ती धातूची टोपी बघून मला थेट सेकंड इयरची प्रयोगशाळा आठवली. जेफेटची कॅरॅक्टरिस्टिक्स काढायची म्हणजे बीएफडब्ल्यू१०, दुसरा जेफेट जगात आहे असं तेव्हा वाटतच नसे.

रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मोजायला बसले. मोजायची रीत अगदी सोपी आहे. गेट आणि सोर्स एकत्र करून बॅटरीच्या ऋण टोकाला, ड्रेन मल्टिमीटरमधून धन टोकाला. जो करंट दिसेल तो त्या जेफेटचा कमाल करंट. मग गेट जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, ठेवून सोर्स आणि जमीन यांच्यात नुसता मल्टिमीटर व्होल्टवर लावायचा. जो आकडा दिसेल, साधारण तेवढ्या उलट व्होल्टेजला तो जेफेट बंद होतो. जे२०१ चा करंट कंपनीच्या कागदाप्रमाणे ०.२ ते १ मिलीअँप असायला हवा. माझा पहिला ५.८. दुसरा ६.१. तिसरा जेफेटच नव्हता, कुठला तरी साधा ट्रान्झिस्टर वरचा नंबर पुसून नव्याने छापलेला. विसातले तेरा चार मिलीअँपच्या वर, चार भलतेच काहीतरी, तीन खरे. आईने विचारलं, "एवढं काय मोजतेयस, सोनं आहे का?" मी म्हटलं, सोनं निदान कसोटीवर घासून तरी घेतात.

बीएफडब्ल्यू१० चंही जमेना. त्याला बंद करायला आठ व्होल्टपर्यंत लागू शकतात. नऊ व्होल्टच्या बॅटरीत आठ त्यालाच दिले तर सूर हलायला जागा कुठे उरणार? शेवटी पृष्ठभागावर चिकटवायचा एमएमबीएफजे२०१ हा प्रकार एका खात्रीच्या वितरकाकडून मागवला. तो जेमतेम तीन मिलिमीटर लांब, साबुदाण्याच्या दाण्याएवढा. दाण्याला तीन पाय. चिमट्यात धरून छोट्या पट्टीवर झाळताना श्वास रोखावा लागतो, कारण श्वास सोडला की दाणा उडतो. एक अजून फ्रीजखाली आहे.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर, चार टप्पे उभे केले. पहिले दोन आवाज वाढवणारे, तिसरा नुसता जोर देणारा, मग टोनचा भाग, आणि तिथे आवाज खाली जातो म्हणून शेवटी आणखी एक वाढवणारा. प्रत्येक वाढवणाऱ्या जेफेटच्या ड्रेनवर १०० के चा प्रीसेट ठेवला. छोट्या स्क्रूड्रायव्हरने तो फिरवायचा आणि ड्रेनवर साडेचार व्होल्ट आणायचे, म्हणजे सुराला वर जायला आणि खाली यायला सारखी जागा. खरे, तपासलेले, एकाच पट्टीतले तीन जेफेट, तरी तिन्ही प्रीसेट तीन वेगळ्या ठिकाणी थांबले. नकाशात ड्रेनचा रेझिस्टर म्हणून एकच आकडा छापलेला असतो, त्यावर विसंबून पेडल बनवणाऱ्याचं बहुतेक वेळा का बिनसतं ते त्या रात्री कळलं.

गिटार जोडली, हेडफोन लावला, आणि बाई बातम्या द्यायला लागल्या.

अगदी स्पष्ट. मराठीत. मी व्हॉल्यूम कमी केला तर बाईंचा आवाज कमी झाला, गेन वाढवला तर बाई चिडल्यासारख्या फाटून बोलू लागल्या. आकाशवाणी माझ्या पेडलमध्ये लागली होती. हसून झाल्यावर मात्र काही सुचेना. तेव्हा तळमजल्यावरच्या काकांची आठवण झाली. जांभळी नाक्याजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पुढे टीव्ही, पुढे काहीच नाही. आता घरी तीन जुने रेडिओ आणि एक कपाटभर सुटे भाग आहेत, ते काकूंना दिसू नयेत म्हणून त्या कपाटाला पडदा लावलेला आहे.

काका वर आले, हेडफोन कानाला लावून बातम्या शेवटच्या हवामानापर्यंत ऐकल्या, मग म्हणाले, "लोक वर्षं घालवतात रेडिओ लावायला. तुझा फुकट लागला." नकाशा मागितला. चष्मा कपाळावर ढकलून बोटाने पहिल्या टप्प्यापाशी थांबले. "इथे अडुसष्ट के आहे. तुझ्याकडे कुठाय?"

नव्हता. बासमनमध्ये गिटारच्या सॉकेटपासून ग्रिडपर्यंत ६८ के चा रेझिस्टर आहे. मला वाटलं, दोन सॉकेटं एकत्र करायला ठेवला असेल, मला एकच सॉकेट हवंय, कशाला घाला. त्या रेझिस्टरचं दुसरं काम काकांनी सांगितलं. तो आणि व्हॉल्वच्या आतला कपॅसिटन्स (कंडेन्सरसारखा गुण) मिळून रेडिओच्या वेगाच्या लहरी दारातच अडवतात. जेफेटच्या आत तेवढा कपॅसिटन्स असेलच याची खात्री नाही, म्हणून आम्ही ६८ के च्या पुढे १०० पिकोचा कंडेन्सर जमिनीला लावला. हिशेब केला तर अडवणूक २३ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होते. गिटारला धक्का नाही, आकाशवाणीला प्रवेश नाही. बाई गेल्या.

मग मी वाजवलं. त्या आवाजाला मी तीन आठवडे आणि बरेच पैसे दिले होते. डालड्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखा होता तो. खालचे सूर चिखल, वरचे सूर सुया. काका हेडफोन काढून म्हणाले, "असाच हवाय का?"

"नाही."

"मग कसा हवाय?"

इथे माझी पंचाईत झाली. कसा हवाय ते मला सांगता येईना. रेकॉर्डिंग ऐकवलं. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "हे स्पीकरचं ऐकतोय आपण. मधला स्पीकर कुठाय तुझ्यात?" आणि मग, जरा वेळाने, "व्हॉल्व कधी ऐकलायस का तू?"

पुढच्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. तीन रेडिओंपैकी एकाला त्यांनी सरळ नकार दिला. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून व्हॉल्ववरची अक्षरं दाखवली. पहिलं अक्षर यू असलेले व्हॉल्व सगळे एकामागे एक ओवलेले असतात आणि थेट घरच्या लाइनवर चालतात, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. "ह्याच्या चॅसिसवर मेन्स असू शकतो. त्याला गिटार जोडलीस तर तारा म्हणजे मेन्स." दुसऱ्यातल्या व्हॉल्ववर ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८०. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, आणि खाली चांगला ओंजळभर ट्रान्सफॉर्मर. तरीही त्यांनी प्लगच्या पिना आणि चॅसिस यांच्यात मल्टिमीटर लावून बघितलं, दोन तारांची जुनी कॉर्ड काढून तीन तारांची घातली, चॅसिस अर्थिंगला जोडली. ईएल८४ च्या ग्रिडवरचा मेणाचा जुना कंडेन्सर न मोजताच कापून टाकला. "हा गळतो. गळला की व्हॉल्व लाल होतो." त्याच्या जागी नवा ६३० व्होल्टचा.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "ईएल८४ नवा. १२-३-७८." काकांचंच अक्षर. गिऱ्हाईक रेडिओ न्यायला परत आलंच नाही, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला.

चालू करण्याआधी मला ताकीद मिळाली, "आत बोट घालायचं असेल तर एक हात खिशात." माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. बटण फिरवलं. काहीच नाही. मग काचेत नारिंगी तार दिसायला लागली, मग अगदी हलकी गुणगुण, आणि अर्ध्या मिनिटाने रेडिओ जागा झाला. अशा रेडिओंना मागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असतात, शेजारी तबकडीचं चित्र. त्यातून येणारा आवाज ईबीसी८१ मधल्या ट्रायोडकडे आणि तिथून ईएल८४ कडे जातो. म्हणजे एक ट्रायोड, एक पेंटोड, एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर, एक कागदी स्पीकर. छोट्या गिटार अ‍ॅम्पमध्ये याहून निराळं काय असतं? आणि हाच ईएल८४ व्हॉक्सच्या एसी३० या गिटार अ‍ॅम्पमध्ये चार नग बसलेला असतो, हे मला माहीत होतं. फक्त तो नौपाड्यात तळमजल्यावर असेल हे माहीत नव्हतं.

नुसती गिटार जोडली तर आवाज जेमतेम, पण गोल. मग मध्ये पेडलचा फक्त पहिला टप्पा घातला, थोडा जोर द्यायला, आणि रेडिओचा व्हॉल्यूम वर नेला.

ई चा कॉर्ड मारला तेव्हा तो आधी जरासा दबला आणि मग उसळून वर आला. तार जोरात छेडली की सूर खरखरायचा, हळू छेडली की स्वच्छ, मध्ये कुठेही दार आपटल्यासारखं नाही. बोटाच्या दाबाने आवाजाचा पोत बदलत होता. आणि मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. त्यात वरचे सूर जवळपास नव्हतेच. ज्या धारेच्या मागे मी तीन आठवडे लागले होते ती त्या आवाजात मुळी नव्हतीच. आठ इंची कागदाच्या शंकूला एवढ्या वेगाने हलताच येत नाही. गिटारच्या बारा इंची स्पीकरचंही तेच, साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने हात टेकतो. मी हेडफोन लावून सुया ऐकत होते, कारण माझ्या सर्किटमध्ये त्या मोडणारा कागद नव्हता.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, रेडिओ बिघडलाय का?" काका म्हणाले, "नाही, सुधारतोय."

त्यानंतरची दुरुस्ती भराभर झाली, कारण आता कानाला काहीतरी माहीत होतं. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधला २२ नॅनोचा कंडेन्सर काढून २.२ नॅनोचा घातला. पुढे एक मेगचा रेझिस्टर आहे, त्यामुळे आधी ७ हर्ट्झपर्यंतचं सगळं आत येत होतं, आता ७२ च्या खालचं गळायला लागलं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. तिच्या खालचा नुसता धूर होता, आणि नऊ व्होल्टच्या तुटपुंज्या जागेत तोच धूर पुढच्या टप्प्याचा गळा दाबत होता. शेवटी १० के आणि ३.३ नॅनोच्या जोड्या टाकल्या, एकामागे एक दोन, मध्ये टीएल०७२ ही चिप घालून. प्रत्येक जोडी ४.८ किलोहर्ट्झच्या वरचं उतरवते. हा माझा कागदी स्पीकर. किंमत चहा-वडापावाइतकी. ड्रेनचे व्होल्टही साडेचारवरून हलवले. दुसऱ्या टप्प्यावर साडेपाचच्या आसपास एक जागा अशी आहे की झीज एका बाजूला जास्त होते आणि आवाज रेडिओच्या जवळ जातो. मल्टिमीटरने साडेचार सांगितलं होतं. तिथे मी मल्टिमीटरचं ऐकलं नाही.

दबून उसळणं मात्र आलं नाही, ते अजून आलेलं नाही. मला वाटलं, रेडिओत ते ईझेड८० या व्हॉल्वमधून येणारा विजेचा पुरवठा जोराच्या फटक्याला क्षणभर दमतो त्यातून येत असावं. बॅटरी आणि ड्रेनला जाणारी पुरवठ्याची तार यांच्यामध्ये २ के चा रेझिस्टर घालून बघितला तर नुसता सगळा आवाज मलूल झाला, म्हणून काढला.

मग मला हाव सुटली. नऊचे अठरा व्होल्ट केले तर जागा दुप्पट होईल. त्यासाठी आयसीएल७६६० नावाची आठ पायांची चिप आणि दोन डायोड, दोन कंडेन्सर पुरतात. लावलं, आवाज खरंच मोकळा झाला, पण मागे एक बारीक शिट्टी वाजायला लागली, डास कानाशी यावा तशी. आईला ती ऐकू येत नव्हती, मला येत होती, शेजारच्या पाचवीतल्या मुलाने तर कानावर हात ठेवले. या चिपच्या आतलं घड्याळ दर सेकंदाला दहा हजारांच्या आसपास ठोके देतं आणि त्या तालावर चिप उघडझाप करते, म्हणजे शिट्टी थेट कानाच्या टप्प्यात. शेवटी एस अक्षर असलेल्या प्रकारात एक नंबरची पिन पुरवठ्याला जोडली की ठोके ३५ हजारांच्या आसपास जातात आणि शिट्टी जवळजवळ कानाच्या टप्प्याबाहेर जाते. पुन्हा लॅमिंग्टन रोड.

एस आली, शिट्टी गेली, आणि दोन दिवसांनी मीच ती जाळली. घरात जुना ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर पडला होता, वर ठळक ९ व्होल्ट लिहिलेलं. जोडला आणि चिपच्या पोटाला फोड आला. नंतर मोजलं तर अ‍ॅडॉप्टर रिकामा असताना तेरा व्होल्टच्या वर देत होता, आणि चिपची मर्यादा बारा. तपासण्याच्या कामाचे पगार घेणाऱ्या बाईने अ‍ॅडॉप्टर तपासला नाही, हे ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता पुरवठ्याच्या तोंडाशी नऊ व्होल्टच्या वर जाऊ न देणारा ७८०९ बसवलाय आणि त्याला बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर दिलाय.

पेटीसाठी आधी स्टीलचा डबा घेतला होता. स्टीलला भोक पाडताना ड्रिलचं टोक सरकलं आणि डब्यावर आणि टेबलावर एकसारखी ओरखड्याची रेघ उमटली. मग वागळे इस्टेटमध्ये एका पत्र्याचं काम करणाऱ्याकडून दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमची पेटी वाकवून घेतली. त्यांनी विचारलं, मीटर बॉक्स आहे का. पावडर कोटिंग फुकटात झालं, कारण त्या दिवशी त्यांच्या भट्टीत कुणाच्या तरी ग्रिलचा हिरवा रंग चालू होता आणि मला रंगाबद्दल मत नव्हतं. म्हणून माझं पेडल खिडकीच्या ग्रिलच्या हिरव्या रंगाचं आहे. पायाने दाबायचा नऊ पायांचा स्विच, चार पॉट, दोन पी-३८, एक लाल दिवा. राळेचा वास घरात आठवडाभर होता. आई म्हणाली, देवळात धूप लावल्यासारखं वाटतंय, त्यामुळे तक्रार अशी झाली नाही.

पेटीत बसवल्यावर गुणगुण निम्म्याने उतरली. धातू सगळीकडून जमिनीला जोडलेला असतो, घरातल्या पंख्या-ट्यूबलाइटची घाण बाहेरच राहते. ब्रेडबोर्डवर ज्या आवाजाला मी सर्किटचा दोष समजून दोन रात्री छळलं होतं, तो सर्किटचा नव्हताच.

आवाज बासमनसारखा आहे का? मला विचारू नका, मी अजून बासमन ऐकलेला नाही. हेडफोनवर जाड तारांचा कॉर्ड गुरगुरतो, हात हलका केला की निवळतो, गिटारवरचा व्हॉल्यूम उतरवला की जवळजवळ स्वच्छ होतो. काकांच्या रेडिओला दुरून ओळखीचा वाटेल असा आहे. ट्रेबल पूर्ण वर नेला तर सुया थोड्या परत येतात, तेव्हा मी तो नेत नाही.

बँडमधल्या एकाने तसंच दुसरं मागितलंय. त्याच्यासाठी सहा साबुदाणे मोजले. ०.३८ पासून ०.८१ मिलीअँपपर्यंत सगळे वेगळे, म्हणजे तिन्ही प्रीसेट पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या पेटीचं झाकण लावायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने जेफेटचे आकडे आणि ड्रेनचे व्होल्ट लिहिले. काका खुर्चीत बसून बघत होते.

"तारीख?"

"कशाला काका, माझंच तर आहे."

"अगं, उघडशील ना पुन्हा. घाल."

तारीख घातली आणि चार स्क्रू आवळले.